अनेक कॅमेरे आणि दृष्टिबिंदूचा प्रश्न

एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांनी केलेल्या चित्रीकरणाकडे बहुधा निर्मितीतील सोय म्हणून पाहिले जाते. पूल एकदाच उडवता येतो, म्हणून चार कॅमेरे लावायचे, इतकाच त्याचा अर्थ लावला जातो. परंतु या सोयीत कथनमीमांसेचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे : घटना कोण पाहतो आणि ते केव्हा ठरते? अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’ (१९५४) या चित्रपटातील पावसातली अखेरची लढाई या दृष्टीने तपासण्याजोगी आहे.

एका कॅमेऱ्याच्या रूढ पद्धतीत घटना तुकड्यातुकड्यांनी घडवली जाते. प्रत्येक तुकडा विशिष्ट स्थानावरून पाहिला जाण्यासाठीच घडतो; म्हणजे दृष्टिबिंदू घटनेच्या आधी असतो. कुरोसावांनी या लढाईसाठी तीन कॅमेरे एकदम चालवले. पहिला रूढ स्थानांवर, दुसरा झटपट, निर्णायक शॉट्ससाठी आणि तिसरा गनिमी तुकडीसारखा मोकळा. चिखलात घोडे आणि माणसे नेमकी कशी कोसळतील हे आधी ठरवणे अशक्य होते. येथे घटना सलग घडते आणि दृष्टिबिंदूची निवड संकलनापर्यंत लांबते. संकलन कुरोसावा स्वतः करीत, हे येथे महत्त्वाचे ठरते. निवेदकाचा निर्णय पुढे ढकलला जातो, टळत नाही.

आंद्रे बाझँ यांनी मांडलेले द्वंद्व येथे अपुरे पडते. त्यांच्या मते संकलन अर्थ लादते, तर दीर्घ शॉट वास्तवाची संदिग्धता राखतो. या लढाईत घटना अखंड आहे, पाहणे मात्र खंडित आहे. तरीही प्रेक्षक गोंधळत नाही, याचे कारण लढाईपूर्वीच्या दृश्यांत आहे. कांबेई गावाचा नकाशा घेऊन सीमा फिरतो. कोठे कुंपण, कोठे पाणी, कोणती वाट उघडी ठेवायची हे प्रेक्षकालाही कळते. चाळीस दरोडेखोरांसाठी काढलेली वर्तुळे एकेक करून खोडली जातात. अखेरीस तेरा उरतात आणि त्या सर्वांना गावात घेतले जाते. अवकाश आणि संख्या यांचा असा करार आधीच झालेला असल्यामुळे संकलनाला वेग घेता येतो.

दुसरा घटक टेलिफोटो भिंगाचा. ते अंतर दाबून टाकते : घोडा, भाला, शेतकरी, सामुराई, पावसाच्या धारा एकाच पातळीवर येतात. चित्रपटभर जपलेला वर्गभेद या चपट्या चिखलात काही काळ पुसला जातो. तो भ्रम मात्र टिकत नाही. शेवटच्या दृश्यात खाली भातलावणी चालू आहे आणि वर टेकाडावर थडगी आहेत. खोली परत येते, तशी दरीही परत येते. विजय शेतकऱ्यांचा आहे, हे कांबेईचे जाणणे या रचनेनेच सिद्ध होते.

सॅम पेकिनपा यांच्या ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) मध्ये ही पद्धत वेगळे वळण घेते. तेथे कॅमेऱ्यांचे वेगही भिन्न आहेत आणि संकलक लू लोम्बार्डो संथगती शॉट्स नेहमीच्या गतीच्या शॉट्समध्ये गुंफतात. या गुंफणीचे बीज ‘सेव्हन सामुराई’तच, चोराच्या मृत्यूच्या दृश्यात, सापडते. परंतु कुरोसावांच्या अखेरच्या लढाईत काळ सर्वांचा एक आहे. पेकिनपांकडे प्रत्येक कोसळणाऱ्या देहाला स्वतःचा काळ मिळतो. त्यामुळे मृत्यूचे भान तीव्र होते. त्याबरोबरच मृत्यू प्रेक्षणीय होण्याचा धोकाही वाढतो.

या धोक्याचे मूळ कॅमेऱ्यांच्या संख्येत नाही. जेथे अवकाशाची पूर्वरचना नाही आणि निवडीमागे निवेदकाची भूमिका नाही, तेथे अनेक दृष्टिबिंदू मिळून एकही दृष्टी तयार होत नाही. हिंसा कोणीच न पाहिलेली, केवळ टिपलेली राहते. म्हणून अशा दृश्याचे मूल्यमापन करताना शॉट किती आणि किती वेगवान, यापेक्षा लांबवलेला निर्णय अखेर कोणी आणि कोणत्या जबाबदारीने घेतला, हे पाहणे अधिक उचित ठरेल.