धर्मशिक्षण व स्थानिक मंडळें : एक परीक्षण

इंग्लंडांतील शालेय धर्मशिक्षणावर स्थानिक देखरेख असावी, ह्या कल्पनेचा पाया १८७० च्या शिक्षणविषयक कायद्यांत आहे. लोकनियुक्त मंडळांच्या शाळांतून कोणत्याही एका पंथाची विशिष्ट प्रश्नोत्तरी शिकवूं नये, असा निर्बंध त्यानें घातला. १९४४ च्या कायद्यानें सर्वसंमत अभ्यासक्रम आवश्यक केला. १९८८ च्या कायद्यानें सल्लागार मंडळ नेमणें प्रत्येक स्थानिक प्राधिकरणास सक्तीचें केलें.

मंडळाची रचना विचारपूर्वक केलेली आहे. अँग्लिकन चर्च, इतर ख्रिस्ती पंथ व अन्य धर्म, शिक्षकसंघ आणि प्राधिकरण असे चार गट असून प्रत्येकास एकच मत असतें. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या परिषदेंत तर चारही गटांचें ऐकमत्य लागतें. संख्याबळानें कोणाचा आवाज दडपला जाऊं नये, हा हेतु स्तुत्य होय.

परंतु वैगुण्य अन्यत्र आहे. २०१० च्या कायद्यानंतर झपाट्यानें वाढलेल्या, प्राधिकरणाच्या कक्षेबाहेरील 'अकॅडमी' शाळांस हा अभ्यासक्रम बंधनकारक केलेला नाहीं. त्यामुळें मंडळ राहिलें, पण त्याचें क्षेत्र आकसलें. अधिकारावांचून दिलेला सल्ला अजागलस्तनवत् होय.

मध्यवर्ती अभ्यासक्रम हा उपाय कित्येक सुचवितात. तो आम्हांस मान्य नाहीं. जेथें चर्च, मशीद व गुरुद्वारा एकाच पेठेंत आहेत, तेथील शेजारधर्म राजधानींत बसून ठरवितां येत नाहीं. आमच्या घटनेच्या २८ व्या कलमानें संपूर्णतया सरकारी द्रव्यावर चालणाऱ्या संस्थांतून धर्मशिक्षण सामान्यतः वर्ज्य केलें, म्हणून येथें वाद 'द्यावें काय' हा; तेथें 'कोणी ठरवावें' हा. त्याचें उत्तर 'गांवानें' असें असेल, तर गांवचा शब्द गांवांतील सर्व सरकारी शाळांत चालला पाहिजे.