आलेख कुठून सुरू होतो?

अमेरिकेतील किशोरवयीन मातांविषयीच्या लेखांत जन्मदराचा आलेख बहुधा १९९१ पासून काढलेला असतो. १५ ते १९ वयाच्या दर हजार मुलींमागे तेव्हा सुमारे ६२ जन्म होत, २०२२ मध्ये १४ हूनही कमी. उतार खराच आहे. पण १९८६ पासून चढत गेलेल्या दराचे १९९१ हे टोक होते. टोकापासून मोजले की उतार दिसणारच!

आलेख १९५७ पर्यंत मागे न्या. तिथे आकडा ९६ आहे. मग तेव्हा ओरड का नव्हती? त्या माता बहुतेक विवाहित होत्या (काहींची लग्ने घाईने उरकलेली, हा भाग वेगळा). सत्तरच्या दशकात दर घटत होता, अविवाहित मातांचे प्रमाण वाढत होते, आणि चिंतेचा सूर चढला तो तेव्हा. चिंता वयाची होती की लग्नाची, हे १९९१ पासूनच्या आलेखावरून विद्यार्थ्यांना कळणार नाही.