इंटरपोलची सूचना आणि राज्याचा शब्द : आंतरराष्ट्रीय पोलीस सहकार्याच्या मर्यादा

एखादा आरोपी देशाबाहेर पळाला की ‘आता इंटरपोल त्याला पकडून आणील’ अशी भाषा आपल्याकडील वृत्तपत्रांतून सर्रास आढळते. ही भाषा मुळातच सदोष आहे. १९२३ साली व्हिएन्ना येथे स्थापन झालेल्या आयोगातून विकसित झालेले आणि आज १९६ सदस्यदेश असलेले इंटरपोल हे पोलीस दल नव्हे. अटक करू शकेल असा एकही शिपाई त्याच्याकडे नाही. ‘रेड कॉर्नर नोटीस’ ही सदस्यदेशांना केलेली विनंती असते व तिला किती महत्त्व द्यावयाचे, हे त्या त्या देशाचा कायदा ठरवितो. राजकीय, लष्करी, धार्मिक व वांशिक स्वरूपाच्या बाबींत पडण्यास तर संघटनेच्या घटनेतील तिसरे कलमच मनाई करते.

या सहकार्याचे सामर्थ्य व त्याची सीमा अबू सालेम प्रकरणात जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतील बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. या खटल्यातील फरारी आरोपी सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बन येथे पकडला गेला. पोलिसी सहकार्याचे काम येथे जवळजवळ संपले. तो मुंबईत पोहोचला नोव्हेंबर २००५ मध्ये. मधली तीन वर्षे न्यायालयांची व राजनयाची होती. देहदंड किंवा जन्मठेप संभवत असल्यास पुरेशा हमीविना आरोपी सोपविता येत नाही, अशी पोर्तुगालची घटनात्मक भूमिका असल्याने भारत सरकारने डिसेंबर २००२ मध्ये लेखी हमी दिली : फाशी नाही आणि २५ वर्षांहून अधिक कारावासही नाही.

पुढील इतिहास अधिक बोधप्रद आहे. मुंबईतील खटल्यात प्रत्यर्पणाच्या आदेशात नसलेली काही कलमे लावण्यात आली. ती तुलनेने सौम्य शिक्षेची असल्याने आक्षेपार्ह नाहीत, हा युक्तिवाद २०१० मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. लिस्बनच्या न्यायालयाने मात्र २०११ मध्ये हमीचा भंग झाला असे ठरवून प्रत्यर्पणच रद्द केले. अखेर २०१३ मध्ये काही आरोप मागे घेण्याची अनुमती सरकारला घ्यावी लागली. एकच मजकूर दोन न्यायव्यवस्थांनी दोन प्रकारे वाचला आणि त्यांच्यात निवाडा करणारा तिसरा कोणी नव्हता. सहकार्याची खरी मर्यादा ही आहे. यंत्रणेची शिथिलता हे तिचे कारण नव्हे.

२०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सालेमला जन्मठेप ठोठावली. सरकारच्या हमीने न्यायालय बांधले जात नाही, परंतु २५ वर्षे पूर्ण होताच शिक्षामाफीचा सल्ला राष्ट्रपतींना देण्यास केंद्र सरकार बांधील आहे, असा निर्वाह सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये काढला. या अटीला जे शरणागती म्हणतात ते एक गोष्ट विसरतात : अट नसती तर आरोपीच आला नसता. तथापि ज्या कुटुंबांनी माणसे गमावली त्यांना या सौद्यात कोणी विचारले नव्हते, ही टोचणी कायद्याच्या कोणत्याही युक्तिवादाने बोथट होत नाही.

याउलट मेहुल चोक्सीविरुद्धची नोटीस इंटरपोलने नोव्हेंबर २०२२ मध्ये मागे घेतली, तेव्हा प्रकरणच संपल्याचा सूर उमटला. त्याला एप्रिल २०२५ मध्ये बेल्जियममध्ये अटक झाली, ती नोटिशीविना, भारताच्या थेट प्रत्यर्पण-विनंतीवरून.