नाळरक्ताची पत्रके आणि पेशींचा हिशेब

नाळेतले रक्त साठवणाऱ्या खाजगी पेढ्यांची काही माहितीपत्रके आम्ही वाचून पाहिली. गुळगुळीत कागद, गोंडस बाळ, आणि सगळा भर टाकीवर : द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश सेल्सिअस. रक्ताचा कस मात्र टाकीत शिरण्यापूर्वीच बराचसा ठरलेला असतो. त्याविषयी पत्रके मूग गिळून बसतात.

रोपणासाठी रोग्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण २.५ कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. १० किलोच्या मुलाला २५ कोटी, ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. (सातवीच्या वर्गात घेण्याजोगे गणित आहे.) बाळाचे वजन कमी, वार लहान, तर रक्त थोडे आणि पेशीही थोड्या. पिशवीत जंतू गेले तर ती बाद. दान स्वीकारणाऱ्या सार्वजनिक पेढ्या कमी पेशींच्या पुष्कळ पिशव्या नाकारतात. पालकांकडून पैसे घेणारी पेढी नाकारील कशाला?

मांडवगण फराट्याला कुणी बाळंत झाली असे समजा. पिशवी आधी पुण्याला, तिथून पेढीच्या गावी जाणार. साधारण ४८ तासांत तिच्यावर प्रक्रिया व्हायला हवी. वाटेत जितका उशीर होईल, मे महिन्याच्या उन्हात ती जितकी तापेल, तितक्या जिवंत पेशी घटतील. पत्रकात प्रवासाला एक ओळ आहे, तीही मोटारीच्या चित्राखाली.

सर्वांत खटकले ते पुढेच. पिशवी चांगली भरायची तर नाळेला चिमटा लवकर लावावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना तर किमान एक मिनिट थांबायला सांगते, कारण तेवढ्यात वारेतले रक्त बाळाकडे जाते आणि पुढच्या काही महिन्यांचे लोह त्याला मिळते. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुले रक्तक्षयी असताना हे रक्त ‘एरवी वाया जाणारे’ कसे?

१९८८ साली पॅरिसमध्ये डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केलेल्या पहिल्या रोपणाचा उल्लेख पत्रकांत अभिमानाने येतो. फॅन्कोनी रक्तक्षय झालेल्या त्या मुलाला दिलेले रक्त त्याच्या नवजात बहिणीचे होते, हे तेवढे राहून जाते. त्याच्या स्वतःच्या नाळेतल्या पेशींत तोच जनुकीय दोष असता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, स्वतःच्या पुढच्या वापरासाठी नाळरक्त साठवण्याला वैज्ञानिक आधार नसल्याचे म्हटले आहे. घरात थॅलसेमियासारखा विकार असलेले भावंड आधीच असेल, तर गोष्ट निराळी. तिथे साठवण्याचा सल्ला डॉक्टरच देतात.