स्मारक कोणाचें?

वैशाखांत मावळांतील गवत करपतें, डोंगर उघडे पडतात आणि सर्वांचे डोळे मृगाकडे लागतात. अशा प्रदेशांतील विद्यार्थ्यांस शेक्सपियरचें अठरावें सुनीत शिकवूं लागलें, कीं पहिल्याच ओळीला ते थबकतात. प्रिय व्यक्तीला उन्हाळ्याच्या दिवसाची उपमा! ही स्तुति कीं निंदा? इंग्लंडांत उन्हाळा म्हणजे थंडीधुक्यानंतरचें चार दिवसांचें सुख; आपल्याकडे तो मान श्रावणांतल्या उन्हाचा, हें सांगितल्यावर उपमा पटते. खरा प्रश्न त्यापुढें आहे.

१६०९ सालीं प्रसिद्ध झालेल्या १५४ सुनीतांपैकीं पहिल्या सतरांत कवि एका तरुणास लग्नाचा आग्रह करतो. संततीच्या रूपानें तुझें सौंदर्य मागें राहील, असें त्याचें म्हणणें. अठराव्यांत तो आग्रह सुटतो, आणि आपलें काव्यच प्रिय व्यक्तीला अमर करील, अशी ग्वाही कवि देतो. पण या चौदा ओळींत त्या व्यक्तीचें ना नांव, ना रूपाचें वर्णन. मग अमर झालें तरी कोण?

उत्तरासाठीं कार्ल्याच्या लेण्यापर्यंत जावें. तेथील चैत्यगृहावर वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याचें नांव कोरलेलें असून, हें शैलगृह जंबुद्वीपांत उत्तम असल्याचेंही लिहिलें आहे. नांव आहे, पाषाणही आहे. तथापि ब्राह्मी लिपि विस्मृतींत गेल्यावर शेजारच्या एकवीरेच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांस तीं अक्षरें केवळ रेघोट्या होत्या. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेपनें ती लिपि उलगडली, तेव्हां कोठें भूतपाल पुन्हां बोलता होण्याची वाट मोकळी झाली.

शेक्सपियरनें हें मर्म ओळखलें होतें. अखेरच्या दोन ओळींतील त्याची ग्वाही सशर्त आहे : माणसें श्वास घेत आहेत आणि त्यांच्या डोळ्यांना दिसत आहे, तोंवरच. त्याची सारी भिस्त वाचकावर आहे. वरवर गर्वोक्ति वाटणारें हें कडवें वस्तुतः एक विनवणी आहे. आणि नांव नसल्यामुळेंच रिकाम्या राहिलेल्या त्या जागीं प्रत्येक वाचक आपलें माणूस बसवूं शकतो. इंग्रजी प्रेमकाव्यांत या सुनीताला जें अग्रस्थान मिळालें, त्याचें कारण आमच्या मतें हेंच होय.

मराठींत हा रचनाप्रकार केशवसुतांनीं १८९२ सालीं आणला, तो ‘मयूरासन आणि ताजमहाल’ या कवितेनें; ‘सुनीत’ हें नांव मागाहून रूढ झालें. मयूरासन नादिरशहानें १७३९ सालीं नेलें, प्रेमाचें स्मारक मात्र उभें राहिलें. काय टिकतें आणि काय जातें, ही चिंता आपल्याकडेही या चौदा ओळींबरोबरच आली.

म्हणून शिक्षकांस एक विनंती. परीक्षेसाठीं टिपणें घोकणाऱ्या मुलाला ही कविता कार्ल्याच्या त्या न वाचतां येणाऱ्या रेघोट्यांसारखीच राहते. उन्हाळ्याच्या उपमेपाशीं तो अडला, तर त्याला घाईनें पुढें नेऊं नये. तो अडला, याचाच अर्थ तो वाचूं लागला आहे.