ज्येष्ठांच्या पंक्तीत तरुण स्वर

नैर्ऋत्य फ्रान्समधील मार्सियाक हे सुमारे १२०० वस्तीचे गाव. तेथील जाझ महोत्सव १९७८ साली सुरू झाला. सॅक्सोफोनवादक एमिल पारिझियाँ याच गावच्या शाळेत जाझ शिकले. २०१७ च्या महोत्सवातील त्यांच्या मैफलीचे ध्वनिमुद्रण 'स्फुमातो लाइव्ह इन मार्सियाक' २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात ऐंशी ओलांडलेले मिशेल पोर्ताल बास क्लॅरिनेट घेऊन येतात. ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिसही सामील होतात. पाहुण्यांच्या गर्दीत मैफलीची वीण कोठे कोठे सैल होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि ज्येष्ठ कलावंत तरुण यजमानास झाकोळून टाकत नाहीत, हे आम्हांस विशेष भावले. महोत्सव नामवंतांमुळे गाजतो. त्याची खरी कमाई मात्र गावच्या शाळेत घडलेला असा वादकच होय.