येंगणे : कोशात मेलेले, झाडावर जिवंत

शाळेत निबंधात मी 'पोरगा लिंबावर येंगला' असे लिहिले होते. गुरुजींनी त्यावर लाल रेघ मारून 'चढला' केले. पुढे महाविद्यालयात जुन्या मराठीच्या शब्दार्थांत 'वेंघणे : चढणे' दिसले, तेव्हा ती रेघ आठवली.

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात आजही 'वर येंगू नगं रं, पडशील' अशी हाक ऐकू येते. वेळचे येळ, वेडाचे येडा, वेशीची येस करणाऱ्या बोलीत वेंघणेचे येंगणे होणारच. मुकुंदराजांची समाधी असलेले अंबाजोगाई इथून जवळच. आद्यकवीचा अभिमान बाळगणाऱ्या या मुलखाला त्याच जुन्या मराठीचे क्रियापद मात्र गावंढळ वाटते!

याचे मूळ शोधणारे बहुधा 'वळघणे'कडे जातात. बाराव्या शतकात हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात 'आरुह्'साठी 'चड' आणि 'वलग्ग' असे दोन पर्याय दिले. पहिल्याचे आपले चढणे, दुसऱ्याचे ज्ञानेश्वरकालीन वळघणे. इथवर ठीक. पण वळघणेतला 'ळ' गळून वर अनुस्वार कसा आला, याचा हिशेब लागत नाही. मला 'वेंग' जवळची वाटते. वेंग म्हणजे कव, दोन्ही हातांची मिठी. खोडाला वेंग घालून वर सरकणे ते वेंगणे. 'घ' आधीचा की 'ग', हा प्रश्न उरतोच. पण वापर माझ्या बाजूने आहे.

भाव चढतो, ताप चढतो, नशा चढते, नवरी बोहल्यावर चढते. यातले काहीही येंगत नाही. येंगायला झाड लागते, भिंत लागते, माळवद लागते. हातपाय, छाती, गुडघे सगळे कामाला लावावे लागतात. म्हणून 'वेंघणे : चढणे' हा शब्दार्थ चूक नसला तरी अपुरा आहे. चढणे आणि वळघणे यांच्या ओळीत त्याला बसवले की अंगाचे ते कष्ट अर्थातून निघून जातात.

तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ साली आला. चौदाव्या शतकापर्यंतच्या मराठीसाठी त्याच्यासारखे साधन नाही. पण आपण त्यातला प्रत्येक शब्द मेला असे धरून चालतो, आणि अर्थ विचारायला लिंबाखाली उभ्या असलेल्या आजीकडे जात नाही. तिला 'वेंघणे' वाचून दाखवले तर ती आधी विचारील, 'कशावर?'